रॉकिंगहॅम रोडवरची यादी

गुरुवारी औषधांचं काउंटर बंद केलं की
मी केटरिंगमधली दारं वाजवत फिरते.
कुठल्या पक्षासाठी, ते सांगत नाही.
कोटावर त्याची पिन आहे,
सारखी वाकडी होते.

यादीत प्रत्येक नावापुढं एक रकाना,
एकाच अक्षराचा.
आपला. त्यांचा. डळमळीत. मयत.
पाचवं अक्षर दार न उघडणाऱ्यांचं,
तेच सगळ्यात जास्त लागतं.

एकोणीस नंबर, टेबट आजोबा.
चाळीस वर्षं बुटांच्या कारखान्यात.
"समाजवादी," म्हणतात, "बाप होता म्हणून."
मग आवाज उतरवून,
"मागच्या दोन खेपांना दुसरीकडंच दिलं.
आता मला काय म्हणाल?"
मी पेन्सिल नुसती धरून उभी.
त्यांच्या मागं फळीवर लाकडी पावलांचा जोड,
साडेआठ नंबरचा.
माझी नजर बघून म्हणाले,
"ह्यावर बूट शिवायचो.
चावायचे ते गिऱ्हाइकाला, लाकडाला नाही."

एकवीस. लोझबी बाई.
"राजकारणाचं आमचे हे बघतात."
"आहेत का ते घरात?"
"मार्चमध्ये गेले."
बघतात, म्हणाल्या. बघायचे नाही.
त्यांच्या नावापुढं मी अक्षर लिहिलं,
बाईंचा रकाना तसाच ठेवला.

तेवीसमधल्या पोरीनं एका दमात पाच शब्द सांगितले,
प्रत्येकाला एक 'पण' जोडलेला.
एका अक्षरात कसं बसवू, विचारलं तर
सायकलचं कुलूप काढत म्हणाली,
"तुम्हीच ठरवा, माझी शिफ्ट आहे."

ग्राझिना म्हणाली,
"लुब्लिनमध्ये मी डावी होते.
इथं उतरले तर उजवी निघाले.
मी काही हलले नाही हं,
खोली फिरली."

कोपऱ्यावरच्या हर्षदभाईंच्या काचेवर
दोन्हीकडची पत्रकं, शेजारी शेजारी,
मध्ये हरवलेल्या मांजराचा फोटो.
"बेन, दुकानाला कसला पक्ष?
पहाटे पाचला दूध येतं,
मी त्या पक्षाचा."
मांजर सापडलं का, ते विचारायचं राहिलं.

कराडच्या शाळेत मधल्या सुट्टीत
मंगल विटकरीच्या तुकड्यानं रेघ मारायची.
तळ्यात, म्हणाली की इकडं उडी,
मळ्यात, की तिकडं.
रेघेवर जो घुटमळला तो बाद.
मी रोज पहिली बाद.
कडेला बसून बघायची,
सगळ्यांच्या उड्यांनी रेघ पुसत जायची,
शेवटी शेवटी तर कुणालाच दिसायची नाही,
तरी पोरं बाद होतच राहायची
आणि मंगलला कुणी विचारायचं नाही,
बाई, तळं कुठाय?

शेवटचं पान आमच्याच गल्लीचं.
सहा नंबर. माझं नाव,
आडनावातला एक 'र' खाल्लेला,
आणि पुढं गेल्या वर्षीच्या कुणाच्या तरी
गोल, शहाण्या अक्षरात:
डळमळीत.

आठवलं मग.
गॅसवर फोडणी होती, मोहरी तडतडत होती,
दारात छत्रीवाला तरुण उभा, भिजलेला,
मी काय तर म्हणाले, बघू.
इंग्रजीतच म्हणाले असणार,
पण म्हणाले ते बघूच.
ज्यात नाही असतं, कदाचित असतं,
आत या, चहा घ्या असतं,
आणि फोडणी जळतेय, हेही असतं.
त्या पोरानं तरी
कुठलं अक्षर लिहायचं?

पेन्सिलीच्या टोकाला खोडरबर आहे.
मी खोडलं नाही.
आमच्या खिडकीत उजेड होता,
पोराचे बूट पायरीवर, एक उलटा.
तो सरळ केला
आणि आठ नंबरला गेले.
आत दिवा होता, टीव्हीचा आवाजही.
दोनदा बेल वाजवली.
पडदा हलला.
दार उघडलं नाही.